नियम सर्वांना सारखाच असेल, तर भेदभाव कसा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ज्या संस्थेत काम करता, तेथे वरच्या पदावर बढती मिळण्यासाठी सलग आठ वर्षे पूर्णवेळ सेवा झालेली असावी, असा नियम आहे. बाळंतपणानंतर आपण दोन वर्षे अर्धवेळ काम केले. त्यामुळे एकूण सेवा दहा वर्षांहून अधिक असूनही ती ‘सलग पूर्णवेळ’ धरली गेली नाही आणि आपला अर्ज छाननीतच बाद झाला. व्यवस्थापन म्हणते की नियमात स्त्री किंवा पुरुष असा उल्लेखच नाही, तो सर्वांना सारखा लागू होतो आणि अर्धवेळ काम करण्याचा निर्णय आपला स्वतःचा होता. मग यात भेदभाव आला कोठून? आपल्याविषयी कोणी आकस धरल्याचा पुरावा आपल्याकडे नाही, हेही आपण प्रांजळपणे लिहिले आहे आणि अशा स्थितीत मानवी हक्कांच्या कायद्याचा काही आधार मिळू शकतो का, असे विचारले आहे.

आधार मिळू शकतो. आकसाचा पुरावा नाही, एवढ्यावरून आपली बाजू कमकुवत ठरत नाही. भेदभाव म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलेला अन्याय, ही समजूत सामान्य माणसांप्रमाणेच अनेक वकिलांच्या मनातही घट्ट बसलेली असते, आणि तिच्यापायी कितीतरी चांगली प्रकरणे दाखलच होत नाहीत. कायद्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. या नियमामुळे प्रत्यक्षात कोण मागे पडते आणि तसे मागे पाडण्याइतका तो नियम खरोखर आवश्यक आहे का, हे कायदा पाहतो. नियम करणाऱ्याच्या मनात काय होते, हा त्यापुढे बहुधा दुय्यम प्रश्न ठरतो.

‘नियम सर्वांना सारखा’ हा युक्तिवाद फार जुना आहे आणि त्याला मिळालेले उत्तरही जुने आहे. अल्बेनियाने १९३३ साली आपली राज्यघटना बदलून देशातील सर्व खासगी शाळा बंद केल्या. त्याचा फटका ग्रीक भाषक अल्पसंख्याकांच्या शाळांना बसला, कारण मुलांना आपल्या भाषेत शिकवण्याचे त्यांच्याजवळ तेवढेच साधन होते. खासगी शाळा बहुसंख्याकांच्याही बंद झाल्या आहेत, मग भेदभाव कसला, असे सरकारचे म्हणणे होते. हा वाद राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) काळातील स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला आणि ६ एप्रिल १९३५ रोजी दिलेल्या सल्लागार मतात न्यायालयाने सरकारचे हे म्हणणे फेटाळले. कायद्यातील समानता भेदभावाला मज्जाव करते, परंतु प्रत्यक्षातील समानता साधण्यासाठी कधीकधी वेगळी वागणूक देणेच आवश्यक असते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. बहुसंख्याकांच्या गरजा सरकारी शाळांतून भागत होत्या, अल्पसंख्याकांच्या भागत नव्हत्या. त्यामुळे एकच बंदी दोघांच्या बाबतीत सारखी नव्हती. आपल्याविरुद्ध आज जो मुद्दा मांडला जात आहे, तो नेमका त्या सरकारचाच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या करारांनी हा विचार व्याख्येतच आणला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा नोकरी व व्यवसायातील भेदभावाविषयीचा १९५८ सालचा १११ क्रमांकाचा करार संधीची समानता नष्ट करणारा किंवा तिला बाध आणणारा ‘परिणाम’ पाहतो. वांशिक भेदभावाविरुद्धचा १९६५ सालचा करार आणि स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतचा १९७९ सालचा करार, हे दोन्ही हेतू ‘किंवा’ परिणाम असे शब्द वापरतात. म्हणजे हेतू सिद्ध झाला तर भेदभाव आहेच, पण हेतू नसला आणि परिणाम असला तरीही भेदभाव आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ सालच्या करारावर देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीने १९८९ साली आपल्या अठराव्या सर्वसाधारण अभिप्रायात, म्हणजे कराराचा अर्थ समजावणाऱ्या निवेदनात, हीच व्याख्या स्वीकारली. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने २००९ साली आपल्या विसाव्या अभिप्रायात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे भेदभावाचे दोन प्रकार नावाने सांगितले. दिसायला तटस्थ असलेला कायदा, धोरण किंवा प्रथा एखाद्या गटाच्या हक्कांवर प्रमाणाबाहेर विपरीत परिणाम करत असेल, तर तो अप्रत्यक्ष भेदभाव होय. आपले प्रकरण या दुसऱ्या प्रकारात बसते.

येथे एक खुलासा करतो. हे करार थेट देशांच्या सरकारांना बांधतात, आपल्या संस्थेला नव्हे. मात्र खासगी व्यक्ती, संघटना किंवा उद्योग यांनी केलेला भेदभाव थांबवण्याचे कर्तव्यही ते सरकारवर टाकतात. स्त्रियांविषयीच्या करारातील दुसऱ्या कलमात ते स्पष्ट शब्दांत आहे. म्हणून दाद मागताना पहिला आधार आपल्या देशाच्या कायद्याचा घ्यावा लागतो, आणि त्या कायद्याचा अर्थ कसा लावावा हे सांगण्यासाठी करार व परदेशी निवाडे पुढे ठेवावे लागतात. न्यायालये असे निवाडे आवर्जून पाहतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी नेमणुकीविषयी दिलेल्या निकालात अप्रत्यक्ष भेदभावाची संकल्पना स्वीकारताना अमेरिका आणि कॅनडा येथील निवाड्यांची सविस्तर चर्चा केली. त्या महिलांना लावलेला वैद्यकीय निकष पुरुषांनाही होताच. परंतु पुरुष अधिकाऱ्यांची तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झाली होती, आणि स्त्रियांना पूर्वी ती संधीच नसल्यामुळे त्याच निकषाला त्या वयाच्या चाळिशी-पन्नाशीत सामोऱ्या जात होत्या. निकष एकच होता, पण तो लावण्याची वेळ वेगळी होती आणि परिणामही त्यामुळे वेगळा झाला.

आता या विचाराचा पाया जेथे पक्का झाला, ते प्रकरण सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर या कंपनीचे वीजनिर्मिती केंद्र होते. तेथे कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात ठेवले जाई आणि त्या विभागातील सर्वांत वरचा पगार इतर विभागांतील सर्वांत खालच्या पगारापेक्षाही कमी असे. नोकरीतील भेदभावाला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांतील नेमणुकीसाठी दोन लेखी चाचण्या सुरू केल्या. माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राची अट आधीपासून होतीच. वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या गोऱ्या पुरुषांचे प्रमाण ३४ टक्के होते, तर कृष्णवर्णीय पुरुषांचे १२ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली एकमताने कंपनीविरुद्ध निकाल दिला. रूपाने न्याय्य पण व्यवहारात भेदभाव करणाऱ्या पद्धतींनाही हा कायदा मनाई करतो आणि अशा अटीचा त्या कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखवले पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. या प्रकरणातील एका तपशिलाकडे मी पक्षकारांचे नेहमी लक्ष वेधतो. प्रमाणपत्राची अट येण्यापूर्वी लागलेले, प्रमाणपत्र नसलेले कर्मचारी त्याच विभागांत समाधानकारक काम करत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या. अट अनावश्यक असल्याचा पुरावा अशा रीतीने कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावरच मिळाला. आपणही आपल्या संस्थेत हेच शोधावे. हा नियम येण्यापूर्वी सलग आठ वर्षे न भरलेल्या कोणाला बढती मिळाली आहे का? आजारपण, उच्च शिक्षण किंवा प्रतिनियुक्ती यासाठी सेवेत पडलेला खंड कोणाच्या बाबतीत माफ झाला आहे का? असे एक जरी उदाहरण सापडले तरी ‘नियम अटळ आहे’ हा दावा पुष्कळ ढिला होतो.

अर्धवेळ कामाविषयी तर निवाड्यांची परंपराच आहे. जर्मनीतील बिल्का या विभागीय भांडाराच्या निवृत्तिवेतन योजनेत अर्धवेळ कर्मचाऱ्यांना लाभ मिळण्यासाठी वीस वर्षांच्या अवधीत किमान पंधरा वर्षे पूर्णवेळ काम केलेले असावे लागे. युरोपीय न्यायालयाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने, १९८६ साली ठरवले की अशा अटीचा फटका पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक स्त्रियांना बसत असेल, तर ती समान वेतनाच्या तत्त्वाचा भंग करते. मालकाला ती टिकवायची असेल, तर ती संस्थेच्या खऱ्या गरजेतून आलेली आहे, त्या गरजेसाठी योग्य आहे आणि आवश्यक आहे, या तिन्ही गोष्टी त्याने दाखवल्या पाहिजेत.

‘निर्णय आपलाच होता’ या आक्षेपाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तो ऐकून अनेक स्त्रिया तेथेच गप्प होतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक प्रकरण आले होते. सरकारी सेवेतील एका पदासाठी साडेसतरा ते अठ्ठावीस ही वयोमर्यादा होती. पुरुषांना लागू तीच स्त्रियांना लागू होती. आणि कोणतीही स्त्री मुले होऊ न देता किंवा त्यांचे संगोपन दुसऱ्याकडे सोपवून त्या वयात अर्ज करू शकते, असे तत्त्वतः म्हणता आले असते. अपील न्यायाधिकरणाने हे मान्य केले नाही. अट पाळता येते की नाही, हे प्रत्यक्ष व्यवहार पाहून ठरवायचे असते. कागदावरची शक्यता त्याला पुरेशी नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. तेथील केंद्रीय पोलीस दलात काही कर्मचाऱ्यांनी मुलांच्या संगोपनासाठी एक पद दोघांनी वाटून घेण्याची योजना स्वीकारली होती आणि त्यात जवळजवळ सगळ्या स्त्रियाच होत्या. कमी झालेल्या तासांचे निवृत्तिवेतन पैसे भरून पूर्ण करून घेण्याची मुभा त्यांना नव्हती. बिनपगारी रजेवर गेलेल्यांना मात्र ती होती, इतकेच नव्हे तर निलंबित झालेल्यांनाही होती. योजना त्यांनी आपखुशीने निवडली, या सरकारच्या युक्तिवादाला बहुमताने नकार मिळाला. ज्या परिस्थितीत स्त्रियांपुढे पर्यायच मोजके असतात, तेथे त्यांनी केलेली निवड दाखवून असमानता झाकता येत नाही, असे त्या निकालाचे म्हणणे आहे. आपल्या संस्थेने अर्धवेळ कामाची सवलत स्वतः देऊ केली होती की नाही, आणि ती देताना तिचा बढतीवर असा परिणाम होईल हे आपणास लेखी कळवले होते की नाही, हे जुन्या पत्रव्यवहारात जरूर पाहावे.

आता पुराव्याकडे वळतो, कारण तत्त्व पटूनही प्रकरण हरते ते बहुधा येथे. पहिली पायरी म्हणजे नियमाचा परिणाम आकड्यांत मांडणे. त्यासाठी तुलना कोणत्या गटात करायची, हे आधी ठरवावे लागते. संस्थेतील सर्व कर्मचारी घेऊन उपयोग नाही. ज्यांना ही अट सोडून बढतीची बाकीची पात्रता आहे, तेवढेच लोक घ्यावेत. त्यात पुरुष किती आणि स्त्रिया किती, त्यांपैकी अटीत बसणारे पुरुष किती आणि स्त्रिया किती, हे चार आकडे हाती आले की पुष्कळ गोष्टी आपोआप दिसू लागतात. समजा, पात्र पुरुष चाळीस असून त्यांतील अडतीस अटीत बसतात, आणि पात्र स्त्रिया तीस असून त्यांतील अठराच बसतात. तर पुरुषांचे प्रमाण ९५ टक्के आणि स्त्रियांचे ६० टक्के होते. बहुसंख्य स्त्रिया अटीत बसतात, म्हणून भेदभाव नाही, असे उत्तर येथे येईल. ते चूक आहे. किती स्त्रिया पार झाल्या हे पाहायचे नसते, दोन प्रमाणांतील तफावत पाहायची असते. गट फार लहान असेल, म्हणजे पाच-सात माणसांचाच असेल, तर मात्र आकड्यांवर भिस्त ठेवू नये. तेव्हा मुलांच्या संगोपनासाठी कामाचे तास कमी करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते, या सर्वमान्य वस्तुस्थितीचा आणि उपलब्ध सरकारी पाहण्यांचा आधार घ्यावा लागतो.

आकडेवारीचे वजन किती असते, हे चेक प्रजासत्ताकातील रोमा या अल्पसंख्याक समाजाच्या मुलांच्या प्रकरणाने दाखवले. ओस्ट्रावा शहरात बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्या मुलांसाठीच्या विशेष शाळांत रोमा मुलांना मोठ्या संख्येने घातले जात होते. प्रवेश चाचणीवर होई, चाचणी सर्वांना एकच होती आणि पालकांची संमतीही घेतलेली होती. अर्जदारांनी मांडलेल्या आकड्यांनुसार शहरातील रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के मुले विशेष शाळांत होती, तर रोमा नसलेल्या मुलांचे प्रमाण १.८ टक्के होते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या लहान पीठाने २००६ साली दावा फेटाळला होता. मोठ्या पीठाने १३ नोव्हेंबर २००७ रोजी तो तेरा विरुद्ध चार मतांनी मान्य केला. विश्वसनीय आणि लक्षणीय आकडेवारी प्रथमदर्शनी प्रकरण उभे करण्यास पुरेशी आहे, त्यानंतर खुलासा करण्याची जबाबदारी सरकारवर जाते, हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, आणि नीट माहिती न देता घेतलेल्या संमतीने समानतेचा हक्क सोडून दिला असे होत नाही, एवढ्या गोष्टी त्या एका निकालाने पक्क्या केल्या.

हा परिणाम ‘का’ होतो, हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर आहे का, असा प्रश्न पुढे येईल. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली याचे उत्तर नकारार्थी दिले. सरकारी खात्यातील बढतीसाठीच्या एका चाचणीत वांशिक अल्पसंख्याक आणि वयाने मोठे उमेदवार कमी प्रमाणात उत्तीर्ण होत होते, आणि त्याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते. कारण सांगता आले नाही तरी चालेल, परिणाम दाखवता आला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या बाबतीत तर कारण उघडच आहे.

आकडे संस्थेच्या ताब्यात असतात आणि संस्था ते देत नाही, ही नेहमीची अडचण आहे. म्हणून पहिले पत्र तक्रारीचे न लिहिता माहितीच्या मागणीचे लिहावे, असा माझा आग्रह असतो. गेल्या काही वर्षांत या पदासाठी आलेले अर्ज, छाननीत बाद झालेले अर्ज व त्यांची कारणे, स्त्री-पुरुष विभागणी, नियम कोणत्या तारखेला व कोणाच्या मंजुरीने झाला, त्या वेळच्या बैठकीचे इतिवृत्त आणि नियमाला दिलेले अपवाद, एवढे मुद्दे क्रमांक घालून मागावेत आणि पत्राची पोच घ्यावी. उत्तर आले तर पुरावा मिळतो. उत्तर आले नाही, तर त्या मौनालाही काही अर्थ असतो: नोकरी नाकारलेल्या उमेदवाराला दुसऱ्या उमेदवाराची माहिती मागण्याचा स्वतंत्र हक्क नसला, तरी मालकाने काहीच सांगण्यास नकार देणे ही गोष्ट भेदभावाचा निष्कर्ष काढताना विचारात घेता येते, असे युरोपीय न्यायालयाने २०१२ साली ठरवले आहे. डेन्मार्कमधील डॅनफॉस कंपनीच्या १९८९ सालच्या प्रकरणात स्त्रियांचे सरासरी वेतन पुरुषांपेक्षा ६.८५ टक्क्यांनी कमी होते आणि वेतनवाढ कोणत्या निकषांवर मिळते, हे कर्मचाऱ्यांना कळतच नव्हते. पद्धत अशी अपारदर्शक असेल, तर ती भेदभाव करणारी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते, असा निर्णय झाला.

परिणाम सिद्ध झाला म्हणजे खटला जिंकला, असे मात्र नाही. संस्थेला समर्थनाची संधी असते आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुरशीची लढाई येथेच होते. मानवाधिकार समितीनेही म्हटले आहे की निकष वाजवी आणि वस्तुनिष्ठ असेल आणि उद्दिष्ट वैध असेल, तर प्रत्येक वेगळी वागणूक भेदभाव ठरत नाही. आपली संस्था म्हणेल की वरच्या पदाला अनुभव लागतो. हे उद्दिष्ट वैध आहे. त्यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नये. वाद पुढचा आहे: सलग आठ वर्षे पूर्णवेळ सेवा हे त्या अनुभवाचे खरे माप आहे का, आणि तोच हेतू कमी नुकसान करणाऱ्या दुसऱ्या मार्गाने साधता येत नाही का?

हे कसे तपासतात, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे आहे. तेथे वणवे विझवणाऱ्या पथकात एक स्त्री तीन वर्षे उत्तम काम करत होती. मग सरकारने नवी शारीरिक चाचणी आणली, जिच्यातील एक भाग अडीच किलोमीटर अंतर अकरा मिनिटांत धावण्याचा होता. चार प्रयत्नांत तिची सर्वांत चांगली वेळ ११ मिनिटे ४९.४ सेकंद होती, म्हणून तिला कामावरून काढले. पुराव्यात आले की पुरुष उमेदवारांपैकी ६५ ते ७० टक्के पहिल्या प्रयत्नांत उत्तीर्ण होतात, स्त्रियांपैकी ३५ टक्के. ही चाचणी विद्यापीठातील संशोधकांनी तयार केली होती आणि सद्भावनेने आणलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली तीन प्रश्न विचारले. मापदंडाचा कामाशी तर्कसंगत संबंध आहे का? तो प्रामाणिकपणे स्वीकारला आहे का? आणि अवाजवी बोजा न पडता या व्यक्तीला सामावून घेणे अशक्य आहे, इतका तो आवश्यक आहे का? पहिल्या दोहोंत सरकार टिकले, तिसऱ्यात हरले. कारण संशोधकांनी त्या कामावर असलेल्या लोकांची सर्वसाधारण क्षमता मोजली होती. काम सुरक्षितपणे करण्यासाठी किमान किती क्षमता लागते, हे त्यांनी मोजलेच नव्हते, आणि स्त्री व पुरुष यांचे मोजमाप वेगळे करून पाहिलेही नव्हते. तिला गेलेल्या पगारासह कामावर परत घेण्याचा निर्णय कायम झाला. आपल्या प्रकरणात असाच प्रश्न विचारायचा आहे: आठ हा आकडा कोठून आला? मी पाहिलेल्या एका प्रकरणात नियमाच्या मंजुरीची फाइल न्यायाधिकरणापुढे उघडली, तेव्हा तीत मसुदा होता, सह्या होत्या, शिक्के होते. पण हीच मुदत का, याविषयी एका ओळीचेही टिपण नव्हते. जुन्या नियमावलीतून तो आकडा जसाच्या तसा उतरवला होता आणि समर्थनासाठी नंतर रचलेली सगळी कारणे त्या रिकाम्या फाइलपुढे फिकी पडली.

पर्याय सुचवण्याचे काम कायद्याने संस्थेचे असले तरी आपणच ते करून ठेवावे. अर्धवेळ सेवा त्या प्रमाणात मोजावी, ‘सलग’ हा शब्द काढून एकूण सेवा पाहावी, किंवा वर्षांऐवजी त्या पदासाठी लागणारी विशिष्ट कामे उमेदवाराने केली आहेत का हे तपासावे, असे तीन पर्याय सहज मांडता येतात. आपल्या गोपनीय अहवालांत त्या दोन वर्षांचे मूल्यमापन चांगले असेल, तर ते अहवाल या ठिकाणी जोडावेत.

काही मर्यादाही सांगणे माझे कर्तव्य आहे. सर्व देशांत आणि सर्व कायद्यांत परिणामाची कसोटी चालत नाही. अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरवले की तेथील राज्यघटनेतील समान संरक्षणाच्या कलमाखाली केवळ विषम परिणाम पुरेसा नाही, हेतू दाखवावा लागतो. ड्यूक पॉवरचा १९७१ चा निकाल नोकरीविषयक कायद्याखालचा होता, राज्यघटनेखालचा नव्हता. म्हणून दावा कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कलमाखाली करायचा, याचा निर्णय घाईने घेऊ नये. शिवाय प्रत्येक अन्याय हा भेदभाव नसतो. वरिष्ठांची मर्जी नसल्यामुळे डावलले गेलेल्या माणसावर अन्याय होतो, पण लिंग, वंश, जात, धर्म, अपंगत्व यांसारख्या कायद्याने मान्य केलेल्या आधाराशी तो जोडता आला नाही, तर या कायद्याचा उपयोग होत नाही. त्याला सेवाविषयक कायद्याचा रस्ता धरावा लागतो. आपल्या बाबतीत आधार लिंग हा आहे, आणि काही देशांच्या कायद्यांत मातृत्व व कौटुंबिक जबाबदारी हे स्वतंत्र आधार म्हणूनही मान्य आहेत. ते लागू असतील तर दोन्ही आधार घ्यावेत, एकच धरून बसू नये.

मुदतीविषयी दिरंगाई करू नका. भेदभावाच्या तक्रारींच्या मुदती पुष्कळ ठिकाणी काही महिन्यांच्याच असतात. अंतर्गत निवारण समितीकडे अर्ज दिला म्हणून बाहेरची मुदत थांबते, असे गृहीत धरू नका. बहुतेक ठिकाणी ती थांबत नाही. अंतर्गत अर्ज आणि बाहेरची तक्रार, या दोहोंच्या तारखा एकाच कागदावर लिहून ठेवाव्यात. मानवी हक्क आयोगाकडे जाण्यापूर्वी त्याला बंधनकारक आदेश देता येतो की केवळ शिफारस करता येते, हेही वकिलाला विचारावे. जेथे शिफारसच होते, तेथे न्यायालयाची मुदत हातची जाऊ देऊन आयोगाच्या निर्णयाची वाट पाहणे महागात पडते. तक्रार केल्यानंतर आपली बदली झाली, काम काढून घेतले गेले किंवा अहवाल अचानक खालावला, तर ती सूडाची कारवाई होय, आणि अनेक कायद्यांत तो मूळ भेदभावापेक्षा वेगळा, स्वतंत्र दोष मानला जातो. मूळ दावा पुढे फेटाळला गेला तरी सूडाविषयीचा दावा टिकू शकतो. म्हणून तक्रारीच्या दिवसापासूनचे प्रत्येक पत्र, ईमेल आणि तोंडी आदेश यांची तारीखवार नोंद ठेवावी.

शेवटी मागणी कशी लिहावी, हे सांगतो. केवळ ‘मला बढती द्यावी’ एवढेच मागितले, तर संस्था पुष्कळदा अपवाद म्हणून एक बढती देते, नियम तसाच ठेवते आणि पुढच्या वर्षी दुसरी स्त्री त्याच जागी अडकते. म्हणून नियमातील अट भेदभावकारक असल्याचे जाहीर करावे आणि ती ठरावीक मुदतीत बदलावी, ही मागणी पहिली असावी. आपल्या अर्जाचा अर्धवेळ सेवा मोजून फेरविचार व्हावा, ही दुसरी. तिसरी मागणी बहुतेकजण विसरतात: बढती मिळाल्यास ती छाननीच्या मूळ तारखेपासून धरावी आणि त्या तारखेपासूनची सेवाज्येष्ठता, वेतनातील फरक व निवृत्तिवेतनासाठीची सेवा हे तिन्ही लाभ मिळावेत, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. ज्येष्ठता आजच्या तारखेपासून मोजली गेली, तर मधल्या काळात पुढे गेलेले सहकारी पुढच्या प्रत्येक बढतीत आपल्या आधी राहतात.